दोन रेघा दिसण्याआधी: मधुमेह असताना पाळणा लांबवणं आणि बाळाची तयारी

समजा, शेवटची पाळी १ जूनला आली. पाळीचं चक्र २८ दिवसांचं असेल तर गर्भधारणा साधारण १५ जूनच्या आसपास होते. २९ जूनला पाळी यायला हवी, ती येत नाही. चार-पाच दिवस वाट बघून औषधाच्या दुकानातून कार्ड आणलं जातं आणि त्यावर दोन रेघा उमटतात. घरात सांगायचं, डॉक्टरांची वेळ घ्यायची, यात आणखी दोन-तीन आठवडे जातात. तोवर जुलै संपत आलेला असतो. बाळाचं हृदय मात्र ७ जुलैच्या सुमारासच धडधडायला लागलेलं असतं. मेंदू आणि मणका ज्या नळीतून तयार होतात, ती १३ जुलैपर्यंत मिटलेली असते. दहावा आठवडा, म्हणजे १० ऑगस्ट येईपर्यंत बहुतेक अवयवांची घडण उरकते.

मधुमेह असलेल्या बाईसाठी सगळी गोम या तारखांमध्ये आहे. या आठ-दहा आठवड्यांत आईच्या रक्तात साखर जास्त असेल तर हृदय, मणका, मूत्रपिंड यांच्या घडणीत दोष राहण्याची शक्यता वाढते. गर्भपाताचीही वाढते. कोणत्याही गरोदरपणात जन्मजात व्यंगाची शक्यता शंभरात दोन-तीन असते. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, दहाच्या वर असेल तर ती कित्येक पट होते. साखर आधीच आटोक्यात असेल तर ती पुन्हा सर्वसाधारण आकड्याच्या जवळ येते. पाळी चुकल्यावर साखर आटोक्यात आणायला धावणं म्हणजे भिंत बांधून झाल्यावर पाया खणणं. म्हणून मधुमेहात गर्भनिरोधक हा बाळाच्या तयारीचाच पहिला भाग असतो: साखर जागेवर येईपर्यंत दिवस राहू द्यायचे नाहीत आणि आली की साधन थांबवायचं.

आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या

येत्या वर्षभरात मूल हवं आहे का? मधुमेहाच्या तपासणीला गेल्यावर हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, म्हणून तो आपणच काढावा. "हो" किंवा "नाही" म्हणणाऱ्यांना रस्ता सोपा असतो. अडचण "बघू, झालं तर झालं" या उत्तराची. या उत्तरात साधनही नसतं आणि तयारीही नसते. तुमचं उत्तर "बघू" असेल तर व्यवहारात ते "अजून नाही" असं धरा आणि साधन वापरा.

दुसरा नेहमीचा घोळ: "माझी पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी तीन. मला कुठे दिवस राहणार!" टाइप २ मधुमेह आणि पीसीओएस (अंडाशयाचा विकार, ज्यात पाळी अनियमित होते) बऱ्याचदा जोडीने असतात, त्यामुळे हा समज फार पसरलेला आहे. पाळी अनियमित असते म्हणजे अंडं कधी सुटेल ते सांगता येत नाही, ते सुटतच नाही असं नाही. शिवाय मेटफॉर्मिन किंवा पायोग्लिटाझोन या साखरेच्या गोळ्या सुरू झाल्या किंवा वजन पाच-सात किलो उतरलं की अंडं सुटायला लागतं. दिवस राहिल्याचं मग तिसऱ्या महिन्यात कळतं, कारण पाळी लांबण्याची सवयच असते. वजन उतरवणारी नवी इंजेक्शनं (सेमाग्लुटाइड, टिर्झेपॅटाइड) सुरू असतील तर जास्तच सावध राहा. टिर्झेपॅटाइडमुळे तोंडाने घेतलेल्या गर्भनिरोधक गोळीचं शोषण कमी होतं. ते सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुढचे चार आठवडे गोळीसोबत निरोध वापरावा लागतो, नाहीतर गोळीऐवजी दुसरं साधन निवडावं लागतं.

कोणतं साधन कोणाला

साधन निवडताना तीन गोष्टी बघायच्या: मूल किती दिवसांनी हवं आहे, मधुमेहाने डोळे, मूत्रपिंडं, नसा किंवा हृदय यांना धक्का लावला आहे का, आणि चुकून दिवस राहिले तर तुमच्या बाबतीत ते किती महागात पडेल. आपल्याकडे पहिल्या गोष्टीवरच निर्णय होतो. मधुमेहात तिसरी गोष्ट सगळ्यांत जड असते.

तांबी, म्हणजे कॉपर-टी, ही बहुतेक मधुमेही बायकांसाठी पहिली पसंती असावी. तिच्यात संप्रेरक नाही, त्यामुळे साखर, रक्तदाब, चरबी यांच्याशी तिचा संबंध येत नाही. डोळ्यांत किंवा मूत्रपिंडात गुंतागुंत झालेली असली तरी ती चालते. शंभर बायकांनी वर्षभर वापरली तर एकीलाही दिवस राहतील अशी शक्यता कमीच. सरकारी रुग्णालयात ३८०-ए प्रकारची दहा वर्षं चालणारी आणि ३७५ प्रकारची पाच वर्षं चालणारी तांबी फुकट बसते. काढली की पुढच्याच चक्रात दिवस राहू शकतात. "साखर आहे, जंतुसंसर्ग होईल, तांबी नको" असं अजूनही सांगितलं जातं, पण मधुमेह हे तांबी नाकारण्याचं कारण नाही. तिचा खरा त्रास वेगळा आहे: पहिले तीन-सहा महिने पाळीत रक्तस्राव आणि पोटदुखी वाढते. आधीच हिमोग्लोबिन ९ असेल तर ते आणखी खाली जातं. ज्यांना मुळातच अंगावरून जास्त जातं, त्यांनी संप्रेरक असलेली तांबी (मिरेना या नावाने ओळखली जाते ती) विचारावी. तिने रक्तस्राव उलट कमी होतो. ती महाग असते, पण किमान पाच वर्षं चालते आणि गर्भाशयाचं अस्तर पातळ ठेवते. पीसीओएस असलेल्यांना त्याचा जास्तीचा फायदा होतो.

माला-एन किंवा दुकानातल्या नेहमीच्या एकवीस-अठ्ठावीस गोळ्यांच्या पाकिटात इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतं. वय ३५ च्या आत, रक्तदाब नॉर्मल, धूम्रपान नाही, मधुमेहाला वीस वर्षं झालेली नाहीत आणि डोळे-मूत्रपिंड-नसा ठणठणीत, अशा बाईला या गोळ्या चालतात. यातली एक जरी अट मोडत असली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाकीट फोडू नये. रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकार यांचा धोका मधुमेहाने आधीच वाढवलेला असतो आणि इस्ट्रोजेन त्यात भर घालतं. अर्धशिशी सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेघा दिसत असतील तर या गोळ्या नकोतच. मैत्रिणीला चालतात म्हणून दुकानातून परस्पर घेणं ही इथली सगळ्यांत मोठी चूक.

छाया गोळी संप्रेरकाची नाही, म्हणून ती मधुमेहात बिनधास्त चालेल असं अनेकींना वाटतं. बहुतेकींना चालतेही. पण सरकारी सूचनांमध्ये ती ज्यांना देऊ नये त्यांच्या यादीत पीसीओडी (म्हणजेच वर आलेलं पीसीओएस) आणि मूत्रपिंडाचा आजार दोन्ही आहेत, आणि मधुमेही बायकांमध्ये नेमकं हेच दोन्ही जास्त सापडतं. घेण्याची पद्धत नीट लक्षात ठेवावी लागते: पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, तीन दिवसांनी दुसरी, आणि आठवड्यातले तेच दोन वार पहिले तीन महिने. उदाहरणार्थ पाळी रविवारी आली तर रविवार आणि बुधवार. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. एक-दोन दिवस चुकली तर आठवताच घ्यायची, पुढचे वार तसेच ठेवायचे आणि पाळी येईपर्यंत निरोध वापरायचा. सात दिवसांहून जास्त चुकली तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातून दोनदा. छायाने पाळी लांबते. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर तपासणी करूनच घ्या, "गोळीमुळे असेल" म्हणून सोडून देऊ नका.

अंतरा इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घेतलं की झालं, म्हणून सोयीचं. पण वर्षभरात मूल हवं असेल तर ते घेऊ नये. शेवटच्या इंजेक्शननंतर प्रजननक्षमता परत यायला साधारण सात ते दहा महिने लागतात. साखर आटोक्यात, एचबीए१सी छान ६.३ वर आणून ठेवायची आणि दिवस राहायला वर्ष वाट बघायची, तोवर साखर पुन्हा वर, असं होतं. इंजेक्शनने वजन आणि थोडीफार साखरही वाढते. डोळे किंवा मूत्रपिंडात गुंतागुंत असेल तर ते टाळलेलंच बरं.

निरोध मधुमेहात पूर्ण सुरक्षित, पण रोजच्या वापरात वर्षाला शंभरात तेराजणींना दिवस राहतात. ऐनवेळी बाहेर काढण्यावर भिस्त ठेवणाऱ्यांत वीसजणींना. एचबीए१सी ९ असताना हा जुगार खेळू नये. गोळीचं प्रमाण सातच्या आसपास, इंजेक्शनचं चारच्या. निरोध फाटला तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांत, जितक्या लवकर तितकं बरं. ती मधुमेहात चालते. वजन जास्त असेल तर तिचा भरवसा कमी होतो. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी त्याहून खात्रीची, आणि पुढची चिंताही मिटते.

मुलं पुरेशी झाली असतील तर नसबंदीचा निर्णय बाईच्याच अंगावर येतो. मधुमेह असलेल्या बाईचं पोट उघडून जखम भरण्याची वाट बघण्यापेक्षा नवऱ्याची बिनटाक्याची नसबंदी कितीतरी सोपी. दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. फक्त त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणीत शुक्राणू नाहीत हे बघूनच सोडायचा. बाईचीच करायची ठरली तर साखर आटोक्यात आणून, आणि शिबिराच्या गर्दीत करण्यापेक्षा सोयी असलेल्या रुग्णालयात. तांबी बसवायला किंवा काढायला नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही, हेही माहीत असू द्या.

मूल हवं ठरलं: किमान तीन महिने, शक्यतो सहा

एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब सांगतं. त्यामुळे आज औषध बदललं तर त्याचा खरा निकाल तीन महिन्यांनी दिसतो. लक्ष्य ६.५ टक्क्यांच्या खाली, पण ग्लुकोमीटरवरची साखर वारंवार ७० च्या खाली न जाता. एकदा ६.४ आलं म्हणून लगेच साधन काढण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांनी दुसरा अहवालही तसाच आला की काढावं. १० च्या वर असेल तर साधन थांबवण्याचा विषयच काढू नये. मधल्या आकड्यांसाठी एवढंच सांगता येईल: ८.५ चं ७.२ झालं तरी धोका बराच उतरतो. ६.५ गाठलं नाही म्हणून मूलच नको, असं कोणी सांगितलं तर दुसरं मत घ्या.

हा आकडा फसवतोही. रक्तात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटं वाढलेलं दिसतं. सिकलसेल किंवा रक्तपेशी लवकर फुटण्याचा आजार असेल तर ते खोटं कमी दिसतं. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल पुष्कळ आहे. तिथे ६.१ चा कागद हातात घेऊन खूश होण्याआधी घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी ताडून बघाव्यात. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाची तपासणी नवरा-बायको दोघांचीही याच वेळी करून घ्यावी.

पहिल्याच भेटीत करायच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन (साधी लघवी तपासणी पुरत नाही, अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर मागा), थायरॉइडसाठी टीएसएच, रक्तदाब आणि बाहुली मोठी करून डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. डोळ्यांची तपासणी सगळ्यांत जास्त टाळली जाते, कारण दिसायला सगळं स्वच्छ असतं. पडद्यावर रक्तस्राव असताना साखर झपाट्याने उतरवली तर काही महिने तो वाढू शकतो, गरोदरपणातही वाढतो. लेसर लागणार असेल तर ते आधी उरकायचं. एचबीए१सी ११ चं ६.५ महिन्याभरात करायचा हट्ट म्हणूनच नको. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल, त्यात आहार शाकाहारी असेल, तर बी-१२ ही बघा. ते कमी असताना फॉलिक ॲसिडचा मोठा डोस सुरू केला तर ॲनिमिया झाकला जातो आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर आत्ताच घ्या, म्हणजे लसीनंतर लगेच दिवस राहू नयेत म्हणून पुढचा महिना साधन चालू ठेवता येतं. मशेरी लावत असाल तर तीही याच महिन्यांत सोडायची. तंबाखू दाताला लावली काय आणि ओढली काय, बाळाच्या वजनावर तिचा परिणाम होतोच.

फॉलिक ॲसिडबद्दल एक नेमकी गोष्ट. आशाताई किंवा उपकेंद्रातून मिळणाऱ्या लाल लोहगोळीत फॉलिक ॲसिड ०.५ मिलिग्रॅम असतं. मधुमेह असलेल्या बाईला ५ मिलिग्रॅमची गोळी दिली जाते, म्हणजे दहापट. ती दिवस राहण्याच्या किमान तीन महिने आधी सुरू करायची आणि बारावा आठवडा संपेपर्यंत घ्यायची. गोळी स्वस्त आहे, सहज मिळते. लाल गोळी चालू आहे म्हणून ही टाळू नका.

औषधांची पिशवी टेबलावर ओता

घरातली सगळी औषधं, सासूबाईंच्या डब्यातून घेतलेलीसुद्धा, पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नुसती जुनी चिठ्ठी नेऊन भागत नाही. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात. पुढच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघावं लागतं.

ज्या औषधांच्या नावाच्या शेवटी "प्रिल" (रॅमिप्रिल, एनालाप्रिल) किंवा "सार्टन" (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन) येतं, ती रक्तदाबाची किंवा मूत्रपिंड वाचवण्यासाठीची औषधं बदलावी लागतात. गरोदरपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत ती बाळाच्या मूत्रपिंडाला घातक ठरतात. त्यांच्या जागी लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा येतं. "स्टॅटिन" (ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन) बहुतेकींचं थांबवतात. साखरेच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिमेपिराइड या बंद करून इन्सुलिन सुरू करतात. मेटफॉर्मिन चालू ठेवता येतं. सेमाग्लुटाइड शरीरात रेंगाळतं, म्हणून ते किमान दोन महिने आधी थांबवायचं, टिर्झेपॅटाइड किमान महिनाभर आधी. ही औषधं थांबली की साखर आणि वजन वर उसळी घेतं. त्या जागी इन्सुलिन बसवायला वेळ लागतो, म्हणून सहा महिने हाताशी असलेले बरे.

काहीही परस्पर बंद करू नका. साखरेची गोळी एकदम थांबवून इन्सुलिन न घेणं हे कोणत्याही गोळीपेक्षा वाईट.

इन्सुलिन: सिरिंजच्या टोपणाचा रंग

गोळ्यांवरून इन्सुलिनवर येताना बायका सुईला घाबरतात. खरी चूक मात्र होते सिरिंजमध्ये. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन सहसा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचं असतं, पेनमधलं १०० युनिटचं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. बाटली ४० ची आणि सिरिंज १०० ची घेतली, तर २० च्या खुणेपर्यंत ओढल्यावर अंगात जातात फक्त ८ युनिट. साखर ३०० वरून हलत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलटं झालं, पेनचं कार्ट्रिज ४० च्या सिरिंजने ओढलं, तर २० च्या खुणेवर ५० युनिट जातात, आणि ते जीवावर बेतू शकतं. दर वेळी बाटलीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग जुळवून बघायचा. पेन वापरत असाल तर दोन युनिट हवेत सोडून टोकाला थेंब दिसू द्या, मग डोस लावा, आणि बटण दाबल्यावर सुई दहा आकडे मोजेपर्यंत आत ठेवा. नाहीतर थेंब बाहेरच गळतो. पोटावरची जागा रोज दोन बोटं सरकवत राहा. एकाच जागी टोचल्याने गाठ धरते आणि गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. फ्रीज नसेल तर बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याने ओल्या ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवतात, उन्हाळ्यात ते चांगलं काम देतं.

ग्लुकोमीटरवर सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर बघायचं. जेवणानंतर म्हणजे पहिल्या घासापासून मोजून, ताट उचलल्यापासून नव्हे. गरोदरपणातली लक्ष्यं उपाशीपोटी ९५ च्या आत, एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत अशी असतात. त्यांच्या जवळ आधीच पोचून ठेवायचं. पट्ट्या महाग पडतात. रोज चार जमत नसतील तर रोज दोन, पण वेळ फिरवत: आज उपाशीपोटी आणि नाश्त्यानंतर, उद्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतर. फक्त उपाशीपोटीचे आकडे वहीत भरून आणले तर डॉक्टरांना अर्धंच चित्र दिसतं. शेजारी काय खाल्लं ते दोन शब्दांत लिहा: "पोहे", "दीड भाकरी-पिठलं". दोन आठवड्यांत तुम्हालाच कळतं की भाकरीला १३५ आणि पोह्यांना १९०.

उपवासांचं काय करायचं ते आधीच ठरवा. साबुदाण्याची खिचडी साखर उडवते. हरतालिकेचा निर्जळी उपवास इन्सुलिन घेऊन केला तर साखर पडते, आणि डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना केला तर रक्तात कीटोन (साखरेऐवजी चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढू शकतात. या वर्षी पूजा करा, उपवास सोडा.

साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं. बेशुद्ध झालेल्या बाईच्या तोंडात काही ओतू नये, हे घरातल्यांना सांगून ठेवा.

घरातल्यांवरून आठवलं. लग्न जमवताना टाइप १ मधुमेह लपवला जातो, मग सासरी इन्सुलिन न्हाणीघरात टोचलं जातं आणि "पहिलं लवकर होऊ द्या" या आग्रहापुढे साधनाचं नावही काढता येत नाही. असं असेल तर निदान नवऱ्याला विश्वासात घेऊन एकदा डॉक्टरांसमोर बसवा. सहा महिने का थांबायचं, हे डॉक्टरांनी सांगितलं की घरात ऐकलं जातं.

साधन काढल्यावर

तांबी काढून किंवा गोळी थांबवून दिवस राहायला काही महिने लागू शकतात. तोवर फॉलिक ॲसिड आणि साखरेची नोंद चालू. पाळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा आणि एक दिवस उशीर झाला तरी कार्ड लावा. दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं, तिसरा महिना लागायची वाट बघायची नाही. पहिल्या तिमाहीच्या शेवटाकडे इन्सुलिनची गरज बऱ्याचदा कमी होते आणि रात्री साखर पडते. त्यात उलट्या सुरू असतील तर जेवणाआधीचं इन्सुलिन कसं घ्यायचं, हे आधीच विचारून ठेवा. उलट्या थांबत नसतील आणि साखर वाढलेली असेल तर लघवीतले कीटोन बघून सरळ रुग्णालय गाठायचं. बाराव्या आठवड्यापासून ॲस्पिरिनचा छोटा डोस बहुतेक मधुमेही बायकांना देतात, रक्तदाब वाढून होणारी गुंतागुंत टाळण्यासाठी. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १८ ते २० आठवड्यांची व्यंग तपासणी आणि त्यानंतर २४ आठवड्यांपर्यंत बाळाच्या हृदयाचा इको, या तीन तारखा पहिल्याच दिवशी वहीत लिहून घ्या.

न ठरवता राहिले तर

चुकून दिवस राहिले, एचबीए१सी ८.५, टेल्मिसार्टन आणि स्टॅटिन चालू. घाबरून सगळी औषधं कचऱ्यात टाकू नका आणि ओळखीच्या दुकानातून गर्भपाताच्या गोळ्याही आणू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत ही औषधं पोटात गेली, एवढ्यावरून गर्भपात करावाच लागतो असं नाही. दोन-तीन दिवसांत डॉक्टर गाठा, फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम लगेच सुरू करा, रक्तदाबाचं औषध बदलून घ्या आणि साखर खाली आणायला लागा. हातात उरलेला प्रत्येक आठवडा उपयोगाचा असतो. मूल ठेवायचं नसेल तर २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो, १८ वर्षांवरील बाईची एकटीची संमती पुरते. त्याच वेळी तांबी बसवून घेता येते.

बाळंतपणानंतर

वार पडली की इन्सुलिनची गरज झटक्यात उतरते. आदल्या दिवशीचाच डोस घेतला तर साखर पडते. अंगावर पाजताना तर आणखी, म्हणून पाजण्याआधी काहीतरी खाऊन घ्या. पाजत असताना सहा महिने इस्ट्रोजेनच्या गोळ्या नकोत. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत बसवता येते, पण त्यासाठी सातव्या-आठव्या महिन्यातच सांगून ठेवावं लागतं. कळा सुरू झाल्यावर हा विषय कोणाला सुचत नाही. ती वेळ हुकली तर सहा आठवड्यांनी बसवा. पुढच्या बाळासाठी किमान दोन वर्षं थांबायचं, आणि वर लिहिलेली सगळी तयारी तेव्हा पहिल्यापासून करायची.

ज्यांना मधुमेह फक्त गरोदरपणात आला आणि बाळंतपणानंतर साखर नॉर्मल झाली, त्यांना बाकी काही अडचण नसेल तर सगळी साधनं चालतात. त्यांनी सहा आठवड्यांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन तपासणी करायची. बाळाच्या लसीची तारीखही सहाव्या आठवड्याचीच असते, तेव्हा त्या दिवशी उपाशीपोटी निघा. त्यानंतर दर एक ते तीन वर्षांनी साखर बघायची, आणि पुढच्या वेळी साधन काढण्याआधी न चुकता.